दरडीचं पंचांग

हातात परडी घ्या. सातवाहनांचं राज्य आहे, चैत्राची सकाळ आहे आणि तुम्ही पूजेची फुलं खुडायला गोदेच्या काठी आला आहात. वरच्या अंगाला पैठण, खालच्या अंगाला कोटिलिंगाला. मधल्या या पट्ट्यात पुढे कधीतरी निर्मल नावाचं गाव वसणार आहे. चालता चालता पायाखालची वाट एकाएकी तुटते. नदी समोर दिसते, पण तीन-चार पुरुष खाली. मधे पिवळसर मातीची उभी दरड, आणि दरडीच्या माथ्यावर करंज, अर्जुन, जांभूळ, निम्मी मुळं मातीत आणि निम्मी हवेत लोंबणारी.

वाटेत एक तरुणी भेटते. ती तुम्हाला दिलासा देते की तुमच्या अंगावर येणारं ते कुत्रं आता राहिलं नाही, काठच्या झाडीत राहणाऱ्या सिंहाने त्याला मारलं. तुमचे पाय लटपटतात. उद्यापासून तुम्ही इकडे फिरकणार नाही, आणि तिला तेच हवं आहे. ही झाडी तिच्या भेटीची जागा आहे.

हालाच्या ‘गाथासप्तशती’तला हा प्रसंग. गाथेत गावाचं नाव नाही, गोदावरीचं आहे. निर्मलच्या काठी तिला मी आणून बसवलं. नवव्या शतकात काश्मीरात आनंदवर्धनाने ध्वनीचं, म्हणजे सूचित अर्थाचं, उदाहरण म्हणून ही गाथा उचलली आणि पुढे कित्येक शतकं साहित्यशास्त्री तिच्या खऱ्या अर्थावर भांडत राहिले. त्या झाडीत झाडं कोणती होती, हे विचारायची गरज मात्र त्यांतल्या कुणाला वाटली नाही. तुम्ही विचारा. परडी बाजूला ठेवा, पोटावर पालथे पडा आणि कडेवरून खाली डोकवा.

अगदी तळाशी, पाणी लागतं तिथे वाळुंज आहे. विलोच्या कुळातलं हे आपलं झाड. त्याची बारीक तांबूस मुळं पाण्यात जाळी विणून बसली आहेत. खडक उघडा पडलाय तिथे शेरणीची झुडपं आहेत. पूर अंगावर आला की ती आडवी होतात आणि उतरला की पुन्हा उभी राहतात, मुळं खडकाच्या फटीत घट्ट. तुकोबांनी पुरात वाचणारा म्हणून मान लव्हाळ्याला दिला. तो योग्यच आहे, पण इंद्रायणीऐवजी ते इथल्या खडकाळ पात्रात उतरले असते तर शेरणीचाही विचार करावा लागला असता.

दरडीचं मधलं तोंड जवळजवळ उघडं. वेड्या राघूंनी त्यात बिळं कोरली आहेत. पाणी पाझरतं तिथे सावलीला हंसराजाचे झुपके. मोठं झाड या तोंडावर नाही आणि ते टिकणारही नाही, कारण काही पावसाळ्यांनी हे तोंड कोसळणारच. मग माथ्यावरचा करंज मातीच्या ढेकळासकट खाली येतो, पायथ्याशी तिरपा पडतो, आणि पुढच्या पावसात त्याच्या बुंध्यातून नवे कोंब फुटतात. कोसळलेली माती ओली, मोकळी, कुणाच्याही मालकीची नसलेली. कासाच्या म्हाताऱ्या आणि वाळुंजाचं बी नेमकं अशीच जागा शोधत असतं. करंजाच्या शेंगा तरंगतात, अर्जुनाची पाच पंखांची फळंही तरंगतात. एका दरडीवरून सुटलेलं बी चार कोस खालच्या दरडीच्या ढिगाऱ्यात रुजतं. त्या मुलीने आडोसा म्हणून निवडलेली झाडी अशी पडझडीवर पोसलेली आहे. दरड धरून ठेवणारी झाडं म्हणून आपण त्यांचं कौतुक करतो. त्यांच्यातल्या निम्म्यांना दरड अधूनमधून पडायलाच हवी असते.

आता खाली उतरा, दरडीला पाठ टेका आणि मातीच्या आत शिरा. हा थर नदीने बसवला तेव्हा हिमयुग चालू होतं. पाऊस तुटपुंजा, नदी अशक्त. वाहून नेता येईना ती माती तिने जागच्या जागी टाकली. मातीत बोटाएवढ्या पांढऱ्या नळ्या लागतील. त्या चुनखडीच्या आहेत. एखादं मूळ कुजून गेलं, त्याच्याभोवती चुना साकळला आणि मुळाचा साचा तेवढा उरला. त्या मुळांवर उभी असलेली झाडं पाहायला तुम्ही आलात, तर मागून फांद्या मोडल्याचा आवाज येईल. हत्ती आहे, आजच्या हत्तीहून दांडगा. गाय पिलग्रिम या भूवैज्ञानिकाने 1905 मध्ये गोदावरीच्या गाळातून त्याच्या जीवाश्मांची नोंद केली, ती वर नाशिककडची. पण हत्तीला तालुक्याच्या हद्दी नव्हत्या. फार रेंगाळू नका.

आणखी मागे जायचं तर ही दरड पुरणार नाही. उत्तरेला चला. निर्मल ओलांडून एदलाबादच्या, म्हणजे आजच्या आदिलाबादच्या वाटेला डोंगर लागतात. त्यांच्यावर काळा पाषाण आहे, थरावर थर. दोन थरांच्या मधल्या पट्टीत शिरा आणि बाहेर पडा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या एका सकाळी.

लाव्हाचा एक थर थंडावला आहे, पुढचा यायचा आहे. मधल्या उसंतीत खोलगट भागात पावसाचं पाणी साचून तळं झालंय. तळ्याचा काठ म्हणजे ताजा काळा कातळ, उन्हाने तडकलेला. लाटा त्याच्या कडा कुरतडताहेत. गवताचा हिरवा गालिचा शोधू नका. गवत पृथ्वीवर अवतरलंय हे खरं. इथून फार लांब नसलेल्या, चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याच्या डायनासोरांच्या शेणाच्या जीवाश्मांत गवताचे सूक्ष्म कण सापडल्याचं 2005 मध्ये प्रसिद्ध झालं. पण काठ बांधून धरणारं गवत अजून कुठे नाही. जे काही चाललंय ते पाण्यात. गुडघाभर पाण्यात उतरा. पायाला खरखरीत, ठिसूळ असं काही लागेल. ती कारा. शैवाल म्हणा, पण दिसायला एखाद्या झुडपासारखी: दांडा, दांड्यावर फांद्यांची वलयं, अंगावर चुन्याचं कवच. तिच्या फळावर पाच पेशी डावीकडे वळत मळसूत्रासारख्या गुंडाळल्या आहेत आणि त्यांच्यावरही चुना. आकार खसखशीच्या दाण्याएवढा. काठ कोसळला, तळं गाळाने भरलं, वरून पुढचा लाव्हा आला, तरी या दाण्याचा पीळ मोडला नाही.

तो दाणा पुन्हा उजेडात येताना तुम्ही हजर राहू शकता. 1830चं दशक. हैदराबादहून नागपूरला जाणारी जुनी वाट निर्मलवरून याच डोंगरांत चढते. मद्रास इलाख्याच्या लष्करातला जॉन ग्रँट माल्कमसन नावाचा सर्जन घोड्यावरून उतरलाय आणि चकमकीसारखा कठीण दगड हातोडीने फोडतोय. दगडात गोड्या पाण्यातल्या गोगलगाई आहेत, आणि त्यांच्या शेजारी ते पिळाचे दाणे. समुद्राच्या नव्हे, तळ्याच्या खुणा काळ्या पाषाणाच्या थरांमधे! 1837 मध्ये त्याचा निबंध लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेपुढे आला, आणि त्या वनस्पतीला नाव मिळालं कारा माल्कमसनी. निर्मल म्हटलं की लोकांना पोनिकीच्या हलक्या लाकडाची रंगीत खेळणी आठवतात, आणि ती आठवावीतच. पण शास्त्राच्या पुस्तकांत या मुलखाने धाडलेली वस्तू म्हणजे तळ्याकाठच्या पाणवनस्पतीचा हा दाणा. शाळेच्या सहली इथे धबधबे बघायला येतात. हा दाणा त्यांना कुणी दाखवत नाही याचं वाईट वाटतं.

तिथून निघताना याच वाटेवरच्या छावण्यांकडे एक नजर टाका. सिकंदराबादेत, कामठीत साहेबांच्या दारांना वाळ्याच्या ताट्या आहेत आणि भिश्ती त्यांच्यावर पाणी शिंपडतो आहे. वाळा म्हणजे नदीकाठचं गवत. त्याची मुळं सरळ खाली जातात, दोन-दोन पुरुष. उभ्या दरडीला शिवण घालावी तर याच मुळांनी. आणि त्यांना सुवास आहे, म्हणून माणूस नेमकी तीच खणून काढतो.

आता पुढच्या मुक्कामी जरा बैठक मारा. ऑक्टोबर 1957, आश्विन महिना. तुम्ही बासरच्या बाजूला, गोदेच्या डाव्या काठावर आहात. मुधोळ, भैंसा, कुबेर ही गावं परवापर्यंत नांदेड जिल्ह्यात होती. 1 नोव्हेंबर 1956 ला प्रांतरचना झाली आणि ती आदिलाबादेत गेली. बाजारात मराठी आणि तेलुगू एकाच वाक्यात बोलली जाते. पूर ओसरलाय. काठभर कास फुललंय, पांढरंशुभ्र. तेलुगू माणूस त्याला रेल्लु म्हणतो. एक म्हातारी छपरासाठी ते कापते आहे. तुम्ही दरडीच्या कडेला जाऊन उभे राहता.

“लेकरा, मागं सर. कडंला नको.”

“पूर तर उतरला ना आजी?”

“उतरला म्हणूनच म्हंते. चढताना न्हाई पडत दरड. पाणी उतरलं की ढासळती.”

तिने सांगितलं ते अभियांत्रिकीच्या पुस्तकातही आहे, फक्त तिथे ते समजायला जास्त वेळ लागतो. पूर चढलेला असतो तेव्हा दरडीच्या आत पाणी मुरतं आणि बाहेरून नदीचं पाणी तिला रेटा देत असतं. नदी उतरली की बाहेरचा टेकू जातो. आतली माती अजून ओलीजड असते. मग ती बसते. पाणी जितकं झपाट्याने उतरेल, तितकी मोठी दरड जाते. त्यात वरचा थर काळ्या मातीचा असेल तर विचारूच नका: उन्हाळ्यात पडलेल्या हातभर भेगा आधीच ठोकळे पाडून ठेवतात.

म्हातारी काम थांबवत नाही, पण बोलत राहते. तिच्या बोलण्यात तारखा नाहीत, तरी काठाचं सगळं पंचांग आहे. श्रावणात पूर. आश्विनात कास फुलतं आणि त्याच्या म्हाताऱ्या पाणी नुकतंच सोडून गेलेल्या ओल्या गाळावर बसतात. हिवाळ्यात वाळुंज फुलतं. त्याच्या बियांना फार आयुष्य नसतं, थोड्याच दिवसांत ओल लाभली तर रुजायचं, नाहीतर संपलं. तोवर भोई पात्रातल्या वाळूत टरबुजाच्या वाड्या लावतात. उन्हाळ्यात करंजाच्या शेंगा आणि अर्जुनाची फळं पिकून खाली पडतात, बरोबर पहिल्या पुराच्या आधी. पूर त्यांना उचलून नेतो. नदी किती चढेल हे कुणाला ठाऊक नाही, कधी चढेल आणि कधी उतरेल हे मात्र या झाडांना अंगवळणी पडलंय, पिढ्यान् पिढ्या.

हे पंचांग बदलायला सहाच वर्षं राहिली आहेत. 26 जुलै 1963 ला पंडित नेहरूंनी पोचमपाडला कोनशिला बसवली. धरणाला पुढे श्रीरामसागर नाव मिळालं. दगडी भिंत, 42 दरवाजे, पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून 1,091 फूट. उत्तर तेलंगणाच्या कोरड्या शिवारांना त्याने पाणी दिलं, त्याबद्दल इथे तक्रार नाही. आपण फक्त काठ पाहायला आलो आहोत.

तेव्हा पुढच्या एखाद्या सप्टेंबरात, जलाशय भरलेला असताना, दिलावरपूर-लोकेश्वरमच्या अंगाला काठावर या. पूर्वी पूर पाहुण्यासारखा आठ-दहा दिवसांत निघून जाई; हा दिवाळी उलटली तरी मुक्काम हलवत नाही. करंज आणि अर्जुन काही दिवस पाण्यात उभे राहू शकतात, महिनोन् महिने मुळांना श्वास न मिळाल्यावर तेही मरतात. वारा सुटतो. मैलोन् मैल मोकळ्या पाण्यावरून लाटा येतात आणि काठाला एकाच पातळीवर, एकाच रेषेत खात राहतात. इथेही दरड आहे, पण बुटकी, ताजी आणि उघडीबोडकी. ती कोसळते तेव्हा तिच्या मातीवर बी रुजत नाही. माती पाण्याखालीच जाते.

आता मे महिन्यात त्याच जागी या. पाणी कुठच्या कुठे मागे गेलंय. काठापासून पाण्यापर्यंत चालत जा. माथ्यावर वेडी बाभूळ. ही अमेरिकेतून एकोणिसाव्या शतकात भारतात आली. दरड ती धरून ठेवते, हे तिच्या शत्रूनेही कबूल करावं. पण आपल्या सावलीत दुसऱ्या कुणाला फारसं उगवू देत नाही. तिच्या खाली बेशरमाचे ताटवे. तेही अमेरिकेचं. फांदी मोडून चिखलात पडली की तिला मुळं फुटतात, आणि शेळी तोंड लावत नाही. मग भेगाळलेली काळी माती, तिच्यावर शंकेश्वराची काटेरी बोंडं, माशीपत्री, लव्हाळा. पाण्याच्या जवळ हरळी, आणि हरळीवर काळवीट, कळपच्या कळप. हे दृश्य सुंदर आहे, खोटं कशाला बोला? आटलेल्या जलाशयाने काळविटांना कुरण दिलं, शेतकऱ्याला गाळपेर दिली. पण इथे उगवणारं जवळजवळ सगळं एका उन्हाळ्यापुरतं आहे. जुलैत पाणी येईल आणि पाटी पुसेल. मुळं खोल नेणारं झाड या पट्ट्यात लावायचं म्हटलं तर सहा महिने ते बुडणार आणि सहा महिने तहानेने मरणार.

धरणाच्या खाली, सोनच्या पुलाशी, उलटा प्रकार आहे. गाळ मागे धरणात बसल्यामुळे सुटणारं पाणी स्वच्छ असतं, आणि स्वच्छ पाणी वाटेतली माती उचलतं. ते दरडीचा पायथा खातं. मोठ्या पुरात दरवाजे उघडतात, नदी फुगते; मग दरवाजे बंद होतात आणि पाणी भराभर उतरतं. म्हातारीचं वाक्य आठवा. पूर्वी ज्याला आठवडाभर लागायचा ते उतरणं आता दरवाज्याच्या बटणावर आलं. त्यात पायथ्याची वाळू उपसली गेली असेल तर दरडीला टेकायलाही काही उरत नाही.

शेवटचा थांबा काठाने वर, महाराष्ट्रात, धर्माबाद तालुक्यातल्या बाभळीला. तारीख 29 ऑक्टोबर, साल 2013 नंतरचं कुठलंही. बंधाऱ्याला 14 दरवाजे, साठा 2.74 टीएमसी, तो जवळजवळ सगळा नदीच्याच पात्रात. दोन राज्यांच्या भांडणात सर्वोच्च न्यायालयाने 28 फेब्रुवारी 2013 ला निकाल दिला: 1 जुलै ते 28 ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवायचे, आणि 1 मार्चला 0.6 टीएमसी पाणी खाली सोडायचं. दोन्ही काठांच्या शेतकऱ्यांच्या दृष्टीने हा हिशेब आवश्यकच होता. तुम्ही मात्र आज दरवाजे खाली येताना पाहता आहात आणि तुमची नजर काठावर आहे. कास नुकतंच फुलून गेलंय. त्याच्या म्हाताऱ्या ओल्या गाळावर बसल्या आहेत, काहींना हिरवा कोंबही आला असेल. आणि पाणी चढू लागतं, जे म्हातारीच्या पंचांगात या महिन्यात फक्त उतरत असे. वाळुंजाचं बी येईल तेव्हा त्याला बसायला ओला गाळच सापडणार नाही, तो पाण्याखाली असेल. बंधाऱ्याच्या खाली नदी एरवीपेक्षा लवकर आटेल. 1 मार्चला पाण्याचा एक लोंढा येईल, तोही म्हातारीच्या पंचांगात नसलेला.

म्हणून दरड वाचवायची म्हणजे सगळीकडे दगडी पिचिंग ठोकायचं, ही समजूत सोडा. पूल, घाट, वस्ती असेल तिथे दगड लागतीलच. बाकी काठावर दोन-चार कामं पुरेत. माथ्यापासून काही पावलं नांगर दूर ठेवा. कोसळलेला ढिगारा जेसीबीने सारखा करू नका. त्याच्यावर करंज आपोआप फुटेल. वाळा लावा, आणि लावल्यावर खणू नका. पायथ्याची वाळू पायथ्याशी राहू द्या. आणि दरवाजे हाताळणाऱ्या दोन्ही राज्यांच्या पाटबंधारे खात्यांना विनंती एवढीच, की पाणी उतरवायचं ते टप्प्याटप्प्याने उतरवा. त्याला जास्तीचं एक थेंबही पाणी लागत नाही.

कुणाला हे झाडाझुडपांचे लाड वाटतील. त्यांनी धरणाचाच हिशेब पाहावा. श्रीरामसागर बांधला तेव्हा त्याची क्षमता 112 टीएमसी होती. 1994च्या मोजणीत ती सुमारे 90 टीएमसी भरली. मधली सगळी जागा वरच्या शिवारांतून आणि काठांवरून वाहून आलेल्या मातीने घेतली होती.